वेगळं दिसायचंय? आधी सगळ्यात जास्त धुतलेला कुर्ता काढ

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय २५, राहायला कळव्याला, नोकरी ऐरोलीच्या आयटी पार्कात. महिन्याला चार-पाच हजार रुपये कपड्यांवर जातात, तरी ठाण्याला ट्रान्स-हार्बरच्या गाडीत चढलं की समोर कुणीतरी तोच कुर्ता घालून उभी असते. केस रंगवून झाले, नाकात मधोमध रिंग घालून झाली. आई म्हणते 'बहुरूपी झालीयेस', ऑफिसातली मैत्रीण म्हणते 'हे मी रीलमध्ये पाहिलंय'. मला चारचौघींत वेगळं दिसायचंय, तर नेमकं काय बदलू? आणि स्टायलिस्टला पैसे द्यावेत का?

मी स्टायलिस्ट नाही. नौपाड्यात चोवीस वर्षं बायकांचे ब्लाउज-कुर्ते शिवते. माझ्या मुलीच्या वयाची आहेस म्हणून अगं-तुगं करते, राग मानू नकोस.

तोच कुर्ता समोर का येतो, ते आधी सांगते, कारण त्यात तुझी चूक नाही. ॲप उघडलं की जे जास्त खपतंय तेच वर दिसतं. तुझ्यासारख्या हजारो जणी 'जरा वेगळं काहीतरी' म्हणून त्याच पहिल्या दोन-तीन पानांतून निवडतात. त्यात एखादी प्रिंट छापायला घेतली की ती हजारो मीटर छापली जाते आणि ते कापड सगळीकडे फिरतं. एकच बुट्टी, एकच रंग, पण लेबलं तीन वेगवेगळ्या ब्रँडांची, असे कुर्ते माझ्याकडे एकाच आठवड्यात अल्टरला आलेले आहेत. तिघींनीही वेगवेगळे पैसे मोजले होते. मी कुणालाच काही बोलले नाही.

न बोलल्याचा एक किस्सा मला अजून टोचतो. एका लग्नाच्या हळदीसाठी एकाच कुटुंबातल्या सात जणी माझ्याकडे आल्या, एकेक करून, वेगवेगळ्या दिवशी. प्रत्येकीने मोबाइल पुढे केला आणि प्रत्येकीचा फोटो एकच: त्याच नटीचा, पाठीवर डोरी, बाहीला लटकन, पिवळं ऑर्गन्झा. प्रत्येकीने वर सांगितलं, "मावशी, बाकीच्यांना दाखवू नका हं, मला वेगळं हवंय." तिसरी आली तेव्हाच मी सांगायला हवं होतं. सीझन होता, हातात चार कारागीर, सांगितलं नाही. हळदीचा ग्रुप फोटो मला नंतर पाठवण्यात आला, खाली काहीही न लिहिता. सात लिंबं ओळीने मांडावीत तसा. त्यानंतर मी एक नियम केला: एकाच कार्याचं दुसरं गिऱ्हाईक तेच चित्र घेऊन आलं तर सांगून टाकायचं. तीन-चार ऑर्डरी गेल्याही त्यात. गेल्या तर गेल्या.

आता उलट बाजू बघ. नवरात्रात आपल्या लेडीज डब्यात काय होतं? आज जांभळा म्हटलं की डबाभर जांभळा. ज्यांच्याकडे त्या रंगाचं काही नाही त्या निदान ओढणी तरी मागून आणतात, आणि फोटोत सगळ्यांचे चेहरे फुललेले असतात. तेव्हा कुणाला 'अरे देवा, समोरचीने पण तोच रंग घातलाय' असं वाटत नाही. पाडव्याच्या स्वागतयात्रेत नऊवारी, फेटा, गॉगल लावून बुलेटवर बसलेल्या मुली बघ. बिनधास्त दिसतात, छान दिसतात, आणि सगळ्या एकसारख्या दिसतात. म्हणजे माणसाला दोन्ही हवं असतं, घोळक्यात असायचंही असतं आणि घोळक्यात हरवायचं नसतं. तुझ्यात काही बिघडलंय असं समजू नकोस. शाळेच्या गणवेशातसुद्धा रिबीन जरा वेगळी बांधणारी मुलगी प्रत्येक वर्गात असतेच.

तुझा प्रश्न मी दोनदा वाचला. तू लिहितेस वेगळं दिसायचंय, पण दर महिन्याला नवीन आणतेस म्हणजे दर महिन्याला वेगळी दिसतेसच की. अडलंय ते दुसरीकडे. तुला हवंय की लोकांनी म्हणावं, 'हे तिचं आहे, हे तिलाच शोभतं.' याला आपण ओळख म्हणतो, आणि ओळख पटायला काहीतरी तेच ते पुन्हा दिसावं लागतं. लता मंगेशकर म्हटलं की पांढरी साडी आणि तिचा रंगीत काठ डोळ्यांपुढे येतो. उषा उथुप म्हटलं की कांजीवरम, ठसठशीत टिकली, केसांत फुलं. यातली एकही वस्तू जगावेगळी नाही. दादरच्या फुलबाजारात गजरा मिळतो, टिकली कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते. पण त्यांनी ती सोडली नाही, वर्षानुवर्षं. तू मात्र एखादी गोष्ट लोकांच्या डोळ्यांत भरायच्या आत ती टाकून पुढची आणतेस.

माझी मुलगी मानसशास्त्र शिकली. तिने मला एका प्रयोगाबद्दल सांगितलं होतं, तो मी गिऱ्हाइकांना हमखास ऐकवते. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी काही विद्यार्थ्यांना एका गायकाचा भला मोठा चेहरा छापलेला टी-शर्ट घालून, म्हणजे त्या पोरांना लाज वाटेल असा, भरल्या खोलीत पाठवलं. नंतर विचारलं, किती जणांच्या लक्षात आलं असेल? घालणाऱ्यांना वाटलं, निम्म्यांच्या तरी. प्रत्यक्षात लक्षात आलं होतं साधारण पाव लोकांच्या. २००० साली हे छापून आलं. आपल्याकडे जेवढं बघितलं जातंय असं आपल्याला वाटतं, त्याच्या अर्धंच बघितलं जातं. तुझ्या बाबतीत याचे दोन अर्थ निघतात. गाडीतल्या त्या मुलीचा कुर्ता तुझ्यासारखाच आहे हे बहुधा तुम्हा दोघींनाच कळलेलं असतं. आणि एकदा घातलेली भारी गोष्ट तीन चतुर्थांश लोकांनी पाहिलेलीच नसते. म्हणून ती पुन्हा घालायला अजिबात लाजू नये.

हे झालं बोलणं. आता माझ्या कामाचं.

माझ्याकडे कुणी असा प्रश्न घेऊन आलं की मी सांगते, तुझा सगळ्यात जास्त धुतलेला कुर्ता घेऊन ये. फोटो नको, कुर्ता आण. सगळ्यात आवडता कुठला विचारलं तर लोक कपाटात घडी घालून ठेवलेला महागडा दाखवतात. सगळ्यात धुतलेला तो, जो आठवड्याला आपोआप हातात येतो, काखेत विटलेला असतो, टाका सुटलेला असतो. तो उलटा करून टेबलावर पसरला की मला खूप काही कळतं. गळा किती खाली आहे, बाही कोपराच्या वर थांबते की खाली, घेर किती, खिसा आहे का. नव्वद टक्के वेळा त्याचं माप बाकीच्या कपड्यांपेक्षा वेगळं निघतं. ती तुझी आवड असते. रीलमधली सोड, ही बघ.

मग मुंढा. बाही जिथे अंगाला जोडतात तो घेर. तयार कपड्यांत मुंढा मुद्दाम खोल ठेवलेला असतो, म्हणजे जाड-बारीक सगळ्यांना चढतो. आपल्याला वाटतं, खोल मुंढा म्हणजे हात मोकळा. होतं उलटं. आत्ता उठ, गाडीत वरची कडी धरतात तसा उजवा हात वर कर आणि आरशात कुर्त्याची खालची कड बघ. खोल मुंढा असेल तर एका बाजूने अख्खा कुर्ता वर ओढला जातो, गळा वाकडा होतो, आणि हात खाली आणल्यावर तू तो दोन्ही हातांनी खाली ओढतेस. दिवसातून पन्नास वेळा ओढतेस, तुला माहीतही नसतं. मुंढा काखेच्या जवळ, वर घेऊन शिवला तर हात वर होतो आणि कुर्ता जागच्या जागी राहतो. गिऱ्हाइकांचा यावर विश्वास बसत नाही, ट्रायलला हात वर करून बघितल्यावर बसतो. खांद्याची शिवण नेमकी खांद्याच्या हाडावर, मुंढा वर, आणि कमरेला टक्स, म्हणजे आत घेतलेले चिमटे, तुझ्या कमरेच्या जागी. एवढं झालं की तू साधा निळा सुती कुर्ता घाल, लोक विचारतात कुठून घेतलास. गर्दीत बहुतेकांच्या अंगावर कुणाच्याच मापाचे नसलेले कपडे असतात. त्यात मापाचा कपडा नजरेत भरतो, पण का भरला ते बघणाऱ्याला सांगता येत नाही.

माप जमलं की एक गोष्ट निवड आणि वर्षभर धर. एकच. माझ्याकडे एक बाई बँकेत होत्या, आता निवृत्त झाल्या. त्यांनी वीस वर्षं एकच गळा शिवून घेतला: उभी पट्टी, बोटभर उंच, पुढे तीन लाकडी बटणं आणि काज हाताने केलेले. मशीनचा काज त्या परत पाठवायच्या. कापड कधी खादी, कधी मंगळगिरी, कधी राम मारुती रोडच्या सेलमधलं अडीचशेचं. बटणं मात्र जुन्या कुर्त्याची काढून नव्याला लावायची. माझ्या नव्या कारागिराने एकदा प्लास्टिकची लावली तर त्यांनी दुकानात बसून स्वतः उसवली. त्यांच्या शाखेत त्यांना ओळखत नाही असा माणूस नव्हता. खर्च म्हणशील तर काजाला दहा रुपये जास्त.

तुझी गोष्ट काय असावी हे मी इथून सांगू शकत नाही. तुझी मान उंच आहे की खांदे रुंद, रंग सावळा की गोरा, हे मला दिसत नाही, आणि ऑफिसात काय चालतं तेही ठाऊक नाही. गळा असेल, बाही असेल, एकच रंगकुटुंब असेल, हातातलं चांदीचं कडं असेल. पण निवडताना तीन गोष्टींना ती टिकली पाहिजे: गाडीची गर्दी, आपला जूनचा दमटपणा आणि घरची धुलाई. ड्राय क्लीनला द्यावी लागणारी गोष्ट रोजची ओळख होऊ शकत नाही. आपल्या हवेत पॉलिएस्टरही रोज सोसत नाही, ते घाम शोषतच नाही.

कापडाचं थोडं सांगते, कारण 'हँडलूम घेतलं की झालं वेगळं' असं हल्ली सगळ्यांना वाटतं. खणाचंच घे. मूळ खण कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, लहान, कारण तो चोळीपुरताच विणला जायचा. आज कुर्ते, पर्स, उशांचे अभ्रे सगळ्यांना खण लागतो, तर तो मोठ्या पन्ह्यात यंत्रमागावर निघतो, पुष्कळदा पॉलिएस्टर मिसळून. वाईट आहे असं नाही, पण वेगळा म्हणून दुप्पट पैसे देऊ नकोस. सॅम्पलचे दोन धागे घरी आणून जाळून बघ. सुती असेल तर कागद जळल्याचा वास आणि भुरभुरीत राख. पॉलिएस्टर असेल तर वितळून टोकाला कडक मणी धरतो. रेशमाला केस जळल्यासारखा वास येतो. अजरख, म्हणजे ठशांनी छापलेलं कापड, तेही असंच पारखून घे. हाताच्या ठशाचा असेल तर ठसा जिथे ठशाला मिळतो तिथे कुठेतरी केसभर सरकलेला सापडतोच. सगळं रेखीव असेल तर ती बहुधा स्क्रीनची छपाई.

रंग दुकानातल्या दिव्याखाली ठरवायचा नाही. ताका उचलून दारात आण, उन्हात बघ, चेहऱ्याशेजारी धर. दुकानदार कुरकुरतो, कुरकुरू दे. आणि सुती कापड शिवायला टाकण्याआधी रात्रभर पाण्यात भिजव. पहिल्या धुण्यात सुती साधारण तीन ते पाच टक्के आटतं, म्हणजे ४६ इंच उंचीचा कुर्ता दीड-दोन इंचांनी वर जातो. मग शिव्या आम्हाला.

आईचं. ती 'बहुरूपी' म्हणते ते मला दोन्ही बाजूंनी कळतं, मीही आई आहे. तिला तुझी रिंग खुपत नसेल कदाचित, दर महिन्याला नवी मुलगी घरात येते ते खुपत असेल. एक करून बघ. तिच्या कपाटातली इरकल किंवा नारायणपेठ, जी ती आता नेसत नाही, ती तिच्याकडून माग. लपवून आणू नकोस. एक मुलगी आईला न विचारता साडी घेऊन आली होती, मी कात्री लावली, आणि दुसऱ्या दिवशी आई दुकानात येऊन रडली. त्यानंतर जुन्या साडीला मी आईशी फोनवर बोलल्याशिवाय हात लावत नाही. साडी उजेडात धरून घडीच्या रेषा तपास. रेशीम तिथेच आधी विरतं आणि शिवल्यावर नेमकं तिथेच फाटतं. विरलेला भाग टाळून बेतलं तर एका साडीतून कुर्ता नीट निघतो, काठ बाहीला आणि पदर पाठीला. तसा दुसरा कुर्ता ट्रान्स-हार्बरवर कुणाकडे असणार नाही, कारण ती साडी तुझ्या आईची होती. पैठणी असेल तर मात्र कापू नकोस. मीही शिवणार नाही, दुसरीकडे जा.

केसांच्या रंगाचं आणि नाकाच्या रिंगचं मला कळत नाही, त्यामुळे सल्ला नाही. एवढंच म्हणेन की भांडण झालेल्या रात्री काही ठरवू नये.

आणखी एक, हे जरा जपून विचारते. वेगळं दिसायची हौस आहे की कुणीतरी काही बोललंय? दोन्ही प्रकारच्या मुली माझ्याकडे येतात. हौसेने आलेली आरशासमोर गोल फिरते. बोलणं खाऊन आलेली आरशाकडे पाठ करून कपडे बदलते. दुसरी असशील तर कपड्यांनी थोडा फरक पडेल, सगळा नाही. कुणा जवळच्याशी बोल.

स्टायलिस्टचे पैसे इतक्यात देऊ नकोस. एखादा समारंभ, कॅमेऱ्यासमोरचं काम असेल तर त्यांचा उपयोग होतो. रोजच्या ऐरोलीसाठी तुझा एका महिन्याचा खर्च पुरतो. ४४ पन्ह्याचं अडीच मीटर चांगलं सुती कापड मीटरला दीड-दोनशेत मिळतं, माझ्याकडे बिनअस्तराच्या साध्या कुर्त्याची शिलाई साडेपाचशे आहे. म्हणजे हजारभरात एक. पाच हजारांत चार शिव, मुंढा तोच, तुझी ती एक गोष्ट चारही कुर्त्यांत तीच, आणि पुढचे तीन महिने काही घेऊ नकोस. घ्यावंसं वाटलं तर ॲपमध्ये निवडून ठेव, चौदा दिवसांनी बघ. बहुतेक वेळा काय निवडलं होतं तेच आठवत नाही.

टेलरकडे जाण्याची वेळही बघून जा. श्रावणापासून गणपतीपर्यंत आणि घटस्थापनेपासून लग्नसराईपर्यंत आम्ही कुणाचं ऐकून घेण्याच्या परिस्थितीत नसतो. तू मुंढ्याबद्दल बोलशील आणि आम्ही 'हो हो' म्हणत पावती फाडू. गणपती गेले की पितृपक्षाचे पंधरवडाभर दिवस मशिनी शांत असतात, कारण नवीन कपडा कुणी शिवायला टाकत नाही. तेव्हा दुपारी चारच्या सुमाराला जा, तो धुतलेला कुर्ता घेऊन, आणि ट्रायलच्या दिवशी हात वर करून बघितल्याशिवाय पैसे देऊ नकोस.